कारखान्याला उपास घडवणाऱ्या बाई

वर्षातून एकदा, आधी कुणाला पत्ता लागू न देता, आमच्या बाई स्टोअरमधल्या एका रॅकला कुलूप लावायच्या आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकायच्या. मग प्रॉडक्शन मॅनेजरला फोन करून शांतपणे सांगायच्या, की या रॅकमधला माल आज आलेला नाही असं समजा आणि काम चालवून दाखवा. कधी ते कुलूप पितळी टर्मिनलच्या रॅकला असायचं, कधी प्लॅस्टिकच्या कव्हरच्या, एकदा तर पॅकिंगच्या खोक्यांच्या. प्रॉडक्शन मॅनेजर तावातावाने खाली यायचे. माल जाळीतून दिसतोय, हात घातला तर लागतोय, असं म्हणायचे. बाई म्हणायच्या, "दिसू दे की. उपासाच्या दिवशी घरातले डबे काही रिकामे नसतात."

नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या कारखान्यात या प्रकाराला 'बाईंचा उपास' असंच नाव पडलं होतं. आम्ही विजेचे स्विच बनवायचो. वायर तापली, कुठे शॉर्ट झालं, ओल्या भिंतीतून करंट गळायला लागला, की आपोआप पडून वीज तोडणारे. घरांत, शाळांत, पिठाच्या गिरण्यांत ते बसायचे. त्यांना लागणारी प्रत्येक वस्तू विकत आणायचं काम खरेदी विभागाचं, आणि त्या विभागाच्या प्रमुख बाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा एमआयडीसीत त्या खुर्चीवर बाई असणं ही बघायला जावं अशी गोष्ट होती. नवे सप्लायर यायचे ते सरळ माझ्यासमोर बसून बोलायला लागायचे. बाई त्यांना तसंच बोलू द्यायच्या, पलीकडच्या टेबलावरून सगळं ऐकायच्या, आणि त्यांचं बोलून संपलं की म्हणायच्या, "छान. आता हेच मला सांगा." दुसऱ्यांदा सांगताना त्या माणसाचे अर्धे शब्द गळून गेलेले असायचे.

उपासाच्या दिवशी गमती बाहेर यायच्या. कव्हरचा साचा जगात एकच आहे आणि तो पुण्याच्या एका माणसाच्या शेडमध्ये पडून आहे, हे आम्हाला एका उपासातच कळलं. खोकी बनवणाऱ्याकडे मशीन चालवता येणारा माणूस एकच, आणि लग्नसराईत तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला जातो, हे दुसऱ्या उपासात. बाई या गोष्टी ऐकून चिडायच्या नाहीत. पावसाळा तोंडावर यायच्या आत त्या मालाला 'दुसरा माणूस' उभा राहिलेला असायचा. एक लांबचा असेल तर एक जवळचा हवाच, हा त्यांचा हट्ट. वरिष्ठ म्हणायचे, दोघांना माल वाटून दिल्याने भाव चढतो. बाई कबूल करायच्या, की चढतो.

त्या मूळच्या मखमलाबादच्या. घरची फुलशेती. शाळेत असताना सकाळी आईबरोबर झेंडूच्या पाट्या घेऊन त्या बाजारात बसायच्या, आणि खरेदी आपण तिथे, विकणाऱ्याच्या बाजूला बसून शिकलो असं सांगायच्या. सकाळी फुलाला भाव असतो. ऊन कललं की एक वेगळं गिऱ्हाईक येतं. ही फुलं उद्या उकिरड्यावर जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ते घाई करत नाही, पाटीसमोर उभं राहून इकडचं तिकडचं बोलत राहतं, आणि शेवटी सगळी पाटी मातीमोलाने उचलतं. बाईंच्या तोंडात एकच शिवी होती, 'संध्याकाळचं गिऱ्हाईक'. आमच्यातल्या एकाने, सप्लायरच्या घरात आजारपण आहे हे हेरून त्याच्याकडून भाव पाडून आणला आणि शाबासकीच्या आशेने सांगायला गेला. बाईंनी त्याला हीच शिवी घातली आणि पुन्हा जाऊन जुन्या भावाने ऑर्डर देऊन यायला लावलं.

दिवाळीत सप्लायर सुक्या मेव्याचे डबे पाठवायचे. बाई डबा आणणाऱ्याच्याच हाती तो परत करायच्या, वर घरच्या झेंडूची जुडी द्यायच्या. पुढे पुढे लोकांनी डबे आणणं सोडलं, पण जुडी न्यायला मात्र न चुकता यायचे.

नव्या सप्लायरची शेड बघायला गेल्या की मशीन दाखवू द्यायच्या नाहीत. थेट मागच्या अंगाला जायच्या आणि भंगाराच्या ढिगाशी उभ्या राहायच्या. काय बिघडतं, किती बिघडतं, ते झाकून ठेवलंय की उघड्यावर आहे, हे बघून झालं की मालकाला एकच प्रश्न विचारायच्या: "तुम्ही अंथरुणाला खिळलात तर इथे कोण बघणार?" काही मालक दुखावायचे. एकाने तर, असं अभद्र बोलू नका ताई, म्हणून हात जोडले होते. ऑर्डर मात्र त्याला मिळाली, कारण मागून त्याची सून पुढे आली आणि म्हणाली, मी बघते.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही शिक्षा होती. एक तर वाटेत जेवायला थांबायचं नाही. दुसरं म्हणजे रस्ता दर खेपेला वेगळा. मुंबईला कसाऱ्याने गेलो तर येताना जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत यायचं. सुरतेला एकदा सापुताऱ्यावरून, एकदा पेठवरून. ड्रायव्हर कुरकुरायचा. बाई म्हणायच्या, रस्ता अडल्यावर रस्ता शोधायचा नसतो, तो आधी पायाखालचा असावा लागतो.

चुकायच्याही. पावडर कोटिंगचा रंग चढवणाऱ्या एकाने वीज नव्हती म्हणून माल उशिरा दिला, तर बाईंनी ती थाप ठरवली आणि त्याचं काम बंद केलं. चूक चालायची त्यांना, थाप नाही. काही महिन्यांनी दुसऱ्याच एका बोलण्यातून कळलं, की त्या आठवड्यात त्याचा ट्रान्सफॉर्मर खरोखर जळाला होता. बाई तशाच उठल्या, कायनेटिक स्कूटर काढली, त्याच्या शेडमध्ये गेल्या आणि त्याच्या कामगारांसमोर त्याची माफी मागितली. मालक इतका अवघडला की त्याने स्वतःच्याच खुर्चीवर बसायचं नाकारलं. इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाने अशी माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही फारशी नाही.

दोन हजार साल उलटलं आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आमचा कारखाना घेतला. खरेदीचे सगळ्या कारखान्यांचे मिळून एक साहेब झाले. वय पस्तिशीचं, बोलणं मऊ, परदेशात शिकून आलेले. बसायचे मुंबईला, पण आमच्याकडेही त्यांची एक खोली होती. आता जुंपणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. बाईंनी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, हे कॉम्प्युटरवर काय दिसतं ते मला पहिल्यापासून शिकवा. साहेबांनी शिकवलं. त्यात असं निघालं, की एकच स्क्रू आम्ही वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या लोकांकडून, वेगवेगळ्या भावांनी वर्षानुवर्षं घेत होतो. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आम्हा सगळ्यांना बोलावून पडदा दाखवला. "बघा, आपण आपल्याशीच घासाघीस करत होतो." साहेबांविषयी त्यांच्या मनात त्या दिवसापासून आदर होता आणि तो शेवटपर्यंत राहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकताना साहेब वाईट वाटण्याचा संभव आहे.

साहेबांनी उलटा लिलाव आणला. सप्लायरांनी कॉम्प्युटरसमोर बसायचं, पडद्यावर भाव दिसतो, जो आणखी खाली जाईल त्याला ऑर्डर. स्प्रिंगचा लिलाव लागला. स्विचच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग असते, तीच स्विचला पाडते. ती आम्हाला सातपूरशेजारच्या अंबडचा एक माणूस द्यायचा. मूळचा सिन्नरकडचा, दुसऱ्याच्या कारखान्यात राबून स्वतःची शेड टाकलेला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तो सायबर कॅफेत बसून बोली लावत होता. समोर समुद्रापलीकडची एक कंपनी होती. लिलाव बाईंच्या टेबलावरून चालला होता आणि मी शेजारी बसलो होतो. भाव उतरत गेला. एका टप्प्यावर बाई पुढे झुकल्या. त्या स्प्रिंगला तार किती लागते आणि ती तार कितीला मिळते, हे त्यांना पाठ होतं. अंबडवाला आता तारेच्याही खाली गेला होता.

बाईंनी मोबाइल उचलला आणि त्याला फोन लावला.

"उठा तिथून."

तो म्हणाला, ताई, अजून जरा खाली जाता येईल.

"कशाच्या जोरावर?"

तो म्हणाला, करू काहीतरी.

"घरी जा. जेवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पडद्यावरची त्याची बोली जिथल्या तिथे थांबली. लिलाव आणखी एक पायरी उतरून परदेशी कंपनीच्या नावावर संपला. बाई उठून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या आणि चालू लिलावात आपण एकाला फोन करून थांबवलं, नियम मोडला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

साहेब आवाज न चढवता रागावले. नियम सगळ्यांना सारखा नसेल तर त्या लिलावाला काय अर्थ, असं ते म्हणाले. बाईंनी ते मान्य केलं. लिलावाचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, तेही त्यांनी मान्य केलं.

त्यांना लागलं ते दुसरंच. दुसऱ्या दिवशी अंबडवाला आला. तो आभार मानायला आला असेल असं मला वाटलं होतं. तो बसलासुद्धा नाही. "ताई, बुडलो असतो तर माझ्या हाताने बुडलो असतो," तो म्हणाला. "तुम्ही कोण माझा हात धरणार? आता चार मशीनं हायेत आन काम नाय. काय करू त्यांचं, लोणचं घालू?"

 तो आला तसाच निघून गेला. त्यानंतर तो रस्त्यात दिसला तरी मान फिरवून जायचा. बाई मात्र कुणी अंबडकडून आलं की त्याची चौकशी करायच्या. द्राक्षाच्या छाटणीला ज्या कात्र्या लागतात त्यांच्या स्प्रिंगा तो करायला लागलाय, निफाड आणि दिंडोरीत माल जातोय, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा त्या दिवशी त्यांनी सगळ्या खात्याला भजी खाऊ घातली. कारण सांगितलं नाही.

साहेबांना त्यांनी एकदा लासलगावला नेलं. मीही होतो. बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबून बोली लावत पुढे सरकत होता. एका शेतकऱ्याला भाव पटला नाही. त्याने मान हलवली, ट्रॅक्टर सुरू केला आणि कांदा घेऊन रांगेतून बाहेर पडला. कुणी त्याला अडवलं नाही. बाई साहेबांना म्हणाल्या, "हा माणूस चिडून बाहेर पडला, पण कांदा त्याच्याबरोबर गेला. तुमच्या पडद्यावर ट्रॅक्टर मागे घ्यायचं बटण कुठेय?" साहेब हसले. पण बदललं काहीच नाही. परदेशी स्प्रिंग स्वस्त होती, चांगलीही होती, वेळेवर यायची. गोदामात साठा किंवा जवळ 'दुसरा माणूस' ठेवायची गरज कंपनीला वाटत नव्हती. जुन्या साठ्याची जागा रिकामी करून तिथे टेबल टेनिसचं टेबल मांडलं गेलं होतं.

मग मुंबई पाण्याखाली गेली तो जुलै आला. भिवंडीच्या ज्या गोदामात आमच्या स्प्रिंगा उतरल्या होत्या त्यात छातीइतकं पाणी शिरलं. आदल्याच दिवशी साहेब कामासाठी नाशिकला आले होते, ते इथेच अडकले. कसाऱ्याकडून गाड्या सुटत नव्हत्या. बाईंनी मला आणि ड्रायव्हरला जव्हारच्या रस्त्याने पाठवलं. त्या रस्त्याचं वळण न् वळण त्याला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी तो कुरकुरला नाही. पाणी ओसरल्यावर जेवढी खोकी हाताला लागली तेवढी घेऊन आम्ही परतलो. उघडून पाहिलं तर स्प्रिंगांवर तपकिरी ठिपके.

साहेबांच्या खोलीत बैठक बसली. लाइन थांबायला आली होती आणि ऑर्डरी तोंडावर होत्या. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, धुऊन घेऊ, पॉलिश करू, तेल लावू, वरून काही दिसणार नाही. ते वाईट माणूस नव्हते. लाइन बंद पडली की वरून शिव्या त्यांनाच खाव्या लागायच्या. साहेबांनी एक स्प्रिंग चिमटीत धरून दाबून पाहिली. ती दाबली गेली आणि परतही आली. काय करावं, असं त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "बाकी कुठलाही माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक तक्रार करतं. ही स्प्रिंग अडकली तर तक्रार करायला कुणी उरत नाही. मी हा माल आत घेणार नाही. तुम्हाला घ्यायचा असेल तर माझ्या जागी दुसरं माणूस बसवा."

 साहेबांनी हातातली स्प्रिंग खोक्यात टाकली आणि खोकं बाजूला सारलं. "लाइन बंद ठेवा," ते म्हणाले. मग बाईंना विचारलं, "मॅडम, आता माल कुठून?"

आम्ही तिघं अंबडला गेलो. तो माणूस शेडच्या दारात बसून कात्रीच्या स्प्रिंगा तपासत होता. बाईंना पाहून उठला नाही. बाई त्याच्या समोरच्या पिंपावर बसल्या आणि काय झालं ते सगळं सरळ सांगितलं. मुंबईचं पाणी, गंजलेला माल, बंद पडलेली लाइन. विनंती केली नाही, जुन्या ओळखीचं नाव काढलं नाही.

त्याने ऐकून घेतलं. "म्हंजे आता माझी आठवण झाली," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "आज आम्ही अडलोय. काय भाव लावायचा तो लावा. आम्ही संध्याकाळचं गिऱ्हाईक म्हणून आलो नाही, आज संध्याकाळ आमचीच आहे."

त्याने हातातली स्प्रिंग खाली ठेवली. "भाव जुनाच लावीन," तो म्हणाला. "पण जहाज आलं की पुन्हा मला वाऱ्यावर सोडणार असाल, तर मी कात्र्या सोडीत नाय. निम्मं काम कायमचं इथं ठेवा. देता शब्द, ताई?"

"तो माझ्या हातात नाही," बाई म्हणाल्या. "मी खोटं बोलणार नाही. ज्यांच्या हातात आहे ते हे उभे आहेत."

साहेब पावसात, चिखलाने भरलेल्या बुटांनिशी उभे होते. हो म्हणणं त्यांनाही सोपं नव्हतं. मुंबईला उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. त्यांनी शेडभर नजर फिरवली, मागच्या अंगाला जाऊन भंगाराचा ढीग पाहिला (ही खोड त्यांनी बाईंकडून कधी उचलली कोण जाणे), परत आले आणि म्हणाले, "निम्मं. लिहून देतो."

तो उठला आणि त्याने आतून खुर्च्या मागवल्या. बाई मात्र पिंपावरच बसून राहिल्या.

लाइन मधे काही दिवस बंद राहिली. कामगारांनी तेवढ्यात भिंती रंगवून काढल्या. मुंबईहून जे काही ऐकून घ्यायचं होतं ते साहेबांनी ऐकून घेतलं, बाईंचं नाव त्यात येऊ दिलं नाही. त्यानंतर कंपनीचा नियमच झाला, की ज्या वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून आहे तिला दोन माणसं हवीत आणि त्यातलं एक हाकेच्या अंतरावर हवं. लिलाव राहिले, पण आता बोली मागे घेता यायची. बाईंचा उपासही सगळ्या कारखान्यांत सुरू झाला. त्याला इंग्रजी नाव मिळालं, रंगीत पडद्यांचं सादरीकरण झालं, आणि बाईंना ते बघायला मुंबईला बोलावलं. परत आल्यावर कसं झालं विचारलं, तर म्हणाल्या, "चांगलं केलंय. फक्त तारीख आधी कळवतात. तारीख सांगून केलेला उपास म्हणजे फराळ."

निवृत्तीच्या आधी त्यांना काय हवं असं साहेबांनी विचारलं. सत्कार नको, शाल नको म्हणाल्या. आयुष्यभर आपण स्विचचे तुकडे विकत घेतले, पण आपला स्विच खरोखर पडलेला कधी पाहिला नाही, तेवढं दाखवा. सर्व्हिसवाल्यांनी सुरगाण्याच्या पुढे एक आश्रमशाळा सुचवली. तिथल्या पॅनेलमध्ये आमचा स्विच होता.

आम्ही जीपने गेलो. नागलीच्या शेतांमधून चढत, शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. शाळेचं विजेचं काम बघणारा वायरमन तिथलाच होता. बाईंनी त्याला विचारलं, हा स्विच कधी पडलाय का? स्विच बनवणाऱ्या कंपनीची माणसं आलीत म्हटल्यावर त्याला तक्रार सांगायची संधीच मिळाली.

"लय पडतो ओ हा," तो म्हणाला. "जरा ओल आली का पडला. मागच्या पावसात झाड मोडलं, इथनं जेवणाच्या शेडाला गेलेली तार पत्र्यावर आली, तवाबी पडला. पोरं जेवत व्हती पत्र्याखाली. अंधार झाला, निम्मी पोरं उपाशीच झोपली. जरा कमी पडणारा नाय का तुमच्याकडं?"

बाईंनी विचारलं, पत्र्याला कुणी हात लावला होता का?

"लावला व्हता की. दोन पोरं पत्र्याच्या लोखंडी खांबाला टेकूनच बसली व्हती. त्यांना काय नाय झालं," वायरमन म्हणाला, आणि पुन्हा आपल्या तक्रारीवर आला.

 बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग पॅनेलवरच्या तपासणीच्या बटणाकडे बोट करून त्याला ते दाबायला सांगितलं. त्याने दाबलं. खट्कन आवाज झाला, वर्गातले पंखे मंदावत थांबले, आणि आतून मुलांचा एकच गलका उठला. वायरमनने वैतागून खटका पुन्हा वर केला.

"दादा," बाई म्हणाल्या, "अजून एकदा पाडा."